पाणी पिलेली बोट

माझा उद्योग काय, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, "बोट सांभाळते." समोरचा माणूस नागपूरचा असला की पुढचा प्रश्न ठरलेला. "कोणतं? करंगळी का अंगठ्याजवळचं?" आणि मग स्वतःच्याच विनोदावर खो खो हसतो. हा विनोद मी शाळेपासून ऐकत आले. आधी राग यायचा. आता मीच हात पुढे करते आणि म्हणते, "ही पाच माझी, सहावी अंबाझरीत आहे."

आमच्या शहराला समुद्र नाही हे मला ठाऊक आहे, बाप्पा. कोणत्याही बाजूने गाठायचा म्हटला तरी अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. पण नौदलात जायची हौस फक्त समुद्राकाठच्या पोरांनाच असते, असं कुठे लिहिलंय? इथल्या कॉलेजांतली पोरं-पोरी नौदलाच्या छात्र पथकात येतात, पांढरा गणवेश चढवतात आणि अंबाझरी तलावात बोट चालवायला शिकतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे एक लाकडी बोट आहे. सत्तावीस फूट लांब, दोन्ही टोकांना निमुळती, पाच वल्ह्यांची. इंजिन-बिंजिन काही नाही. पूर्वी अशा बोटी जहाजाच्या कडेला टांगलेल्या असायच्या, माणसं ने-आण करायला, पाण्यात पडलेल्याला उचलायला. आता त्या शिकवण्यापुरत्या उरल्या आहेत.

आणि शिकवते कशी! पाच जणांनी एका दमात वल्हं ओढलं नाही तर ही बाई जागची हलत नाही. उलट गोल फिरते आणि फिरायला आलेल्या लोकांसमोर तुमची अब्रू काढते. कॉलेजात असताना मी स्वतः तिच्यात दुसऱ्या वल्ह्यावर बसायचे. हाताला फोड आले, फुटले, मग घट्टे पडले. ते घट्टे अजून आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे.

तिच्या अंगाच्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या आहेत, छपरावरच्या कवेलूंसारख्या, आणि प्रत्येक सांध्यावर तांब्याच्या खिळ्यांची ओळ आहे. लाकूड सागवान. माझे बाबा म्हणायचे, "सागवान आपल्या इकडचंच. सासरी गेलं समुद्राकडं, म्हातारपणी माहेरी आलं." हे कितपत खरं, देव जाणे. पण बाबा एकदा बोलले की ते खरंच धरायचं, अशी आमच्या घरची पद्धत.

माझ्याआधी ही बोट बाबाच सांभाळत होते. अठ्ठावीस वर्षं. तलावावर त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. सगळ्यांसाठी ते 'बोटवाले'.

मी दहाएक वर्षांची असताना बाबांनी मला एकदा शरमेनं अर्धमेलं केलं होतं. कडक उन्हाळ्यात तलाव आटतो, पोरांना सुट्ट्या असतात, म्हणून बोट शेडमध्ये वर काढून ठेवतात. जून लागला की बाबा तिला पाण्यावर आणायचे, आणि मग जे करायचे ते पाहून कोणालाही वाटेल की या माणसाला ऊन लागलं. उथळ पाण्यात तिचं बूच काढायचे, आत दगड भरायचे आणि तिला कडेपर्यंत पाण्याखाली बसवायचे. मग काठावर बसून बिडी ओढत तिच्याकडे बघत राहायचे. फिरायला आलेला एक गृहस्थ ओरडला, "अहो बोटवाले, तुमची बोट बुडून राहिली!"

बाबांनी मान वळवली नाही. "बुडून नाई राहिली. पाणी पिऊन राहिली."

त्या गृहस्थाची मुलगी माझ्याच वर्गात निघाली. दुसऱ्या दिवशी शाळेत बोभाटा, हिच्या बापानं सरकारी बोट बुडवली! मी रडत घरी आले आणि बाबांना जाब विचारला, काहून बुडवली? बाबा म्हणाले, "पाणी पिलेली बोट पाणी घेत नाई." बस्स, एवढंच. मला वाटलं, हेही त्यांचं एक वाक्य. त्यांची अशी वाक्यं खूप होती आणि मी ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचे. पुढं छात्र म्हणून मी तिच्यात बसले तेव्हा पावसाळा उलटून गेलेला असायचा, बोट तयार मिळायची. ती तयार कशी होते हे विचारायची अक्कल मला कधी झाली नाही.

आता बुचाचं सांगते, ते महत्त्वाचं आहे. बोटीच्या तळाला एक भोक असतं, आत साचलेलं पाणी काठावर सोडून देण्यासाठी. त्याला पितळेचं बूच, फिरवून बसवायचं. बोट काठावर ओढली की बूच काढायचं आणि बोटवाल्यानं ते आपल्या खिशात ठेवायचं, ही रीत. बूच खिशात म्हणजे त्याला विचारल्याशिवाय कोणी बोट नेऊ शकत नाही. नवे छात्र बूच न लावताच बोट ढकलायचे आणि पायाखाली पाणी आल्यावर किंचाळायचे. बाबा काठावर उभे राहून खिशातलं बूच वर धरून दाखवायचे आणि पोटभर हसायचे.

बाबा निवृत्त झाले तेव्हा सगळं सामान मोजून त्यांनी ताब्यात दिलं. वल्ही, दोर, नांगर, बादल्या, सगळं जागच्या जागी. फक्त हिचं बूच नव्हतं. "हरवलं," म्हणाले. ज्या माणसानं जन्मात कधी शर्टाचं बटण हरवलं नाही, त्याचं बूच हरवलं! पण अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला बुचासाठी कोण अडवणार? मागाहून मी बाभळीच्या लाकडाचं एक बूच कोरलं आणि त्यावर काम भागवलं.

मागाहून म्हणजे, मी त्या जागेवर लागले तेव्हा. आधी दोन वर्षं जागा रिकामीच होती. फायबरच्या नव्या बोटी आल्या होत्या, हलक्या, झटपट, ना तेल मागत ना पाणी. आमच्याकडे लाकडी बोटी दोन होत्या. त्यातली एक तपासणीत गळली म्हणून मोडीत निघाली आणि तिथंच घाटावर करवतीनं कापली गेली. बाबा नेमके त्या दिवशी तलावावर गेले होते. घरी आले, जेवले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी अंबाझरीचं तोंड पाहिलं नाही. आमच्या हुडकेश्वरच्या घरात ते दिवसभर अंगणात बसायचे आणि शेजाऱ्यांच्या खाटा-खुर्च्या दुरुस्त करायचे.

मी कंत्राटावर बोट सांभाळायला लागले हे कळल्यावर म्हणाले, "लाकडातलं काय समजते तुले?"

मी म्हटलं, "दोन वर्षं वल्हं मारलं मी तिच्यात."

"भाकर खाणाऱ्याले शेती येते का?"

झालं. दोघंही तापलो. आमच्या घरात दोन तोंडं आहेत आणि कान एकही नाही, असं आई म्हणते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार. महिनाभर आम्ही एकमेकांशी आईच्या मार्फत बोललो.

मग मे महिन्यात पत्र आलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात समुद्राकडून एक अधिकारी येणार, उरलेली लाकडी बोट पाहणार. पाण्यात चालवून बघायची. गळली तर मोडीत. पत्र वाचलं. मला ती करवत दिसली. मी त्या क्षणी ठरवलं की काही झालं तरी ही बोट कापू द्यायची नाही.

घरी आल्यावर मी आईला, म्हणजे बाबांना ऐकू जाईल असं, सांगितलं. बाबा रंधा मारत होते. थांबले. मग म्हणाले, "करू दे त्याइले काय करायचं ते. मी तिची मयत पाहाले येत नाई."

"मयत होत नसते तिची," मी म्हटलं. "मी आहे."

हा माझा आत्मविश्वास. त्याचं काय झालं ते ऐका.

दोन उन्हाळे शेडमध्ये कोरडी राहिलेली बोट मी बाहेर काढली. नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत नसेल तर सांगून उपयोग नाही. कूलरसमोर बसलेला माणूससुद्धा वाळतो, तिथं लाकडाची काय कथा. फळ्यांमध्ये अशा फटी पडल्या होत्या की आत बसलं तर पलीकडचं ऊन दिसायचं. मी काय केलं? आमच्याकडे उन्हाळ्यात दाराला, खिडकीला, पलंगाला भेगा पडतात तेव्हा सगळे जे करतात तेच. इतवारीतून चांगली कडक पुट्टी आणली, दगडासारखी वाळणारी, आणि आठ दिवस घाम गाळून एकेक फट ठासून भरली. घासलं, रंग मारला. बोट नव्या नवरीसारखी दिसायला लागली. पथकातल्या पोरी, आमच्या पाच पोट्ट्या, फोटो काढायला आल्या. मीही काढून घेतला, खोटं काय बोलायचं.

जूनच्या सुरुवातीला बोट पाण्यात उतरवली. दोन तास थांबले. आत एक थेंब नाही! मी हवेतच घरी आले. जेवताना आईला सांगितलं, भिंतीला सांगितल्यासारखं बाबांनाही सांगितलं. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "किती दिवस पाण्यात ठेवून राहिली तिले?"

मला वाटलं, मुद्दाम खोट काढताहेत. मी ताट उचलून उठले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर उभी असताना बोटीतून आवाज आला. कट्ट. मग पुन्हा कट्ट. पाण्याखालची एक फळी हातभर फाटली होती आणि तांब्याचे तीन खिळे उपटून आत पडले होते. मी बघत असताना पाणी आत शिरत होतं. काय झालं तेच मला कळेना. इतकं मन लावून काम केलं, आणि बोट स्वतःहून फुटली? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोरींनी आणि मी मिळून ती काठावर ओढली. त्या दुपारी मी घरी आले तेव्हा बाबा अंगणात सावलीत बसले होते. आईच्या मार्फत बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी सरळ त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "बाबा, फळी फाटली."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "पुट्टी भरली होती?"

"हो."

"कडक?"

"हो."

हाताचा भुसा झटकला. मग म्हणाले, "आपल्या न्हाणीचं दार पावसाळ्यात लागते का वं?"

नाही लागत. जन्मापासून नाही लागत. पाऊस लागला की दार फुगतं आणि आम्ही चार महिने आतून बादली लावून आंघोळ करतो. दार फुगतं हे मला चांगलं माहीत होतं. बोटही दाराच्याच जातीची, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. कोरडी फळी पाणी पिते आणि फुगते, आणि फट आपोआप बंद होते. म्हणून बाबा तिला दर जूनमध्ये पाण्याखाली बसवत होते. आणि मी काय केलं, तर तिला फुगायला जागाच ठेवली नाही. फुगलेली फळी पुट्टीवर रेटली आणि फाटली. पाणी पिलेली बोट पाणी घेत नाही. मी दहा वर्षांची असताना ज्या वाक्यावर रडले होते, ते मला आत्ता कळलं.

आणि कळल्याबरोबर मला लाज वाटायच्या ऐवजी राग आला. आमच्या रक्तातच ते आहे. "तुम्हाला माहीत होतं ना सगळं? मग सांगितलं काहून नाही?"

"मले विचारलं होतं का तुनं?"

"विचारायची वाट पाहात बसले होते?"

"अन् तू? बापाले विचाराले तुही जीभ झिजत होती?"

आई आतून आली. तिच्या हातात झारा होता. "एकानं विचाराचं नाई अन् एकानं सांगाचं नाई! अन् मरते कोण? ते बिचारी लाकडाची बोट! लाज वाटू द्या जराशी दोघांनीबी."

झाऱ्यापुढं कोण बोलणार?

थोड्या वेळानं बाबांनी हाताच्या बोटांवर दिवस मोजले. "किती राहिले तपासणीले?"

"अकरा."

"होते. पुट्टी सगळी खरडून काढ. एक कण राहाले नाई पाह्यजे. फाटक्या फळीचं माप कागदावर काढून आण, तुकडा मी करून देतो. मग तिले बुडव, अन् पाच दिवस हात लावू नको."

"तुम्ही चला ना, बाबा."

"मी येत नाई म्हनलं ना."

पुट्टी भरायला आठ दिवस लागले होते. काढायला चार लागले, कारण आता पाच पोरी माझ्यासोबत पटाशी घेऊन बसल्या होत्या. वर्तमानपत्राच्या कागदावर मी फळीचं माप काढून नेलं. तुकड्याला जुनं मुरलेलं सागवान लागत होतं. बाबांनी स्वयंपाकघरातल्या एका फळीकडे बघितलं. ती दुसऱ्या, कापलेल्या बोटीची फळी होती. त्या दिवशी त्यांनी ती मागून घरी आणली होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. आई त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायची. तिनं बरण्या उतरवल्या. बाबांनी दीड दिवस त्या तुकड्यावर काम केलं. मी तो तलावावर नेऊन बसवला. नखभरसुद्धा घासावा लागला नाही. तलावावर न येता, डोळ्यांनी न बघता, नुसत्या कागदावरून! असा माणूस आणि असा हट्टी. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले आणि तोंडानं काही बोलले नाही.

सांध्यांना जवसाचं तेल लावलं, बूच काढलं, दगड भरले आणि बोट कडेपर्यंत पाण्याखाली बसवली. बाभळीचं बूच सुतळीनं पुढच्या कडीला बांधून ठेवलं. फिरायला आलेल्या बायका म्हणाल्या, "अवं, बुडली का तुझी बोट?" मी म्हटलं, "पाणी पिऊन राहिली." एकदम बाबांचाच आवाज आला माझ्या तोंडून.

चौथ्या दिवशी सकाळी मी घाटावर उभी असताना गाडी येऊन थांबली. आमच्या ऑफिसातले दोघं पुढं आणि मागून एक कडक इस्त्रीचे साहेब. तपासणीचे अधिकारी. दोन दिवस आधीच! त्यांचं दुसरीकडचं काम लवकर आटपलं होतं.

"लाकडी बोट कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. पाण्याखाली.

साहेब बराच वेळ त्या दिशेनं बघत राहिले. "मॅडम, ही तर बुडालेली आहे."

"बुडालेली नाही साहेब. बुडवलेली आहे."

"कोणी बुडवली?"

"मी."

ऑफिसातल्या दोघांचे चेहरे उतरले. मी मात्र त्या दिवशी खरंच घाबरले नव्हते. घाबरायचं ते सगळं मी फळी फाटली तेव्हाच घाबरून घेतलं होतं. मी साहेबांना सरळ न्हाणीच्या दाराची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते. माणूस वाईट नव्हता, फायबरवर शिकलेला होता इतकंच. म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतंय. पण माझी संध्याकाळची गाडी आहे. पाण्याखालची बोट चांगली आहे असं मी कसं लिहू?"

"मला तीन तास द्या. तुम्ही स्वतः तिच्यात बसा."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

पाचही पोरी पाण्यात उतरल्या. दगड काढले, बोट उथळ पाण्यात ओढली, कडा वर आल्या. आता बूच लावायचं आणि पाणी उपसायचं. मी कडीला हात लावला. सुतळीचं नुसतं टोक हाताला लागलं. बूच नव्हतं.

पितळ जिथं ठेवाल तिथं राहतं. लाकूड तरंगतं. चार दिवस कडीवर घासून सुतळी तुटली आणि माझं बाभळीचं बूच जलपर्णीत कुठं निघून गेलं ते गेलं. मी चिंधी कोंबून पाहिली. आम्ही उपसायला लागलो की ती निसटायची आणि पाणी पुन्हा आत. पोरी चिखलात, जलपर्णीत हात घालून शोधत होत्या. काठावर साहेब येरझाऱ्या घालत होते. एक तास गेला. सगळं बरोबर केलं होतं, फळी बसवली, बोट पाणी प्यायली, आणि एवढ्याशा भोकापायी सगळं जाणार? मला रडू येत होतं आणि मी पोरींवर खेकसत होते.

तेवढ्यात फोन वाजला. आई. "डबा विसरली वं तू."

"डबा कसला घेऊन बसली आई! साहेब आलेत, बोट पाण्यात आहे अन् बूच हरवलं!"

पलीकडे आई कोणाशी तरी बोलली. मग फोन बंद झाला.

पाऊण तासानं घाटावर ऑटो थांबली. आधी आई उतरली, हातात डबा. मग बाबा. दोन वर्षांत पहिल्यांदा ते तलावावर आले होते. साहेबांकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ पाण्यात आले, बोटीच्या कडेवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग खिशातून पितळेचं बूच काढलं. आरशासारखं चमकत होतं.

मी म्हटलं, "बाबा, हे तर..."

"चोरलं होतं मी," बाबा म्हणाले. सगळ्यांसमोर. "वाटलं, बूच माह्याजवळ राहीन तर बोट कोणी नेणार नाई. येडा माणूस. बोट नेणाऱ्याले बूच कायले लागते?"

आई काठावरून ओरडली, "रोज सकाळी दाढी झाली का पुसते ते!"

बाबांनी पाण्यात वाकून बूच फिरवून बसवलं. मग आम्ही उपसायला लागलो, पाच पोरी, मी आणि बाबा, बादल्या, घमेलं, आईच्या डब्याचं झाकणसुद्धा. बोट हळूहळू वर येत गेली. साहेबांनी बूट काढले, आत बसले, आणि मी सुकाणू धरलं. पोरींनी वल्ही टाकली. एका दमात. तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन, वळून, पुन्हा घाटावर, पुन्हा मध्यावर. काठावर आल्यावर साहेबांनी तळाच्या पाट्या उचलल्या आणि हात फिरवला. ओंजळभर पाणी होतं. त्यांनी बाबांच्या तुकड्याच्या सांध्यावर बोट फिरवून पाहिलं. ते कोरडं होतं.

साहेबांनी कागद पुढं ओढला. लिहिण्याआधी त्यांनी बाबांना विचारलं, "काका, अजून किती वर्षं चालेल ही?"

बाबांनी माझ्याकडे मान केली. "मले काहून विचारता, साहेब? बोटवाली ते आहे."

मी काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. बहुधा म्हणाले, दर जूनला पाणी पाजलं तर माझ्यानंतरही चालेल. साहेबांनी लिहिलं, बोट ठेवावी. मी खाली मान घालून रडले, पोरींसमोर, साहेबांसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

गाडी गेल्यावर आम्ही बोट काठावर ओढली. बाबांनी वाकून बूच काढलं, आतलं पाणी वाहून गेलं. सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला, आणि तिथंच थांबला. मग त्यांनी माझा हात ओढला, तळव्यावर ते ओलं बूच ठेवलं आणि माझी पाचही बोटं त्यावर घट्ट मिटवली.

"खिशात ठेव," म्हणाले. "अन् पुन्हा पुट्टी भरशीन तर घरात घेणार नाई."